नोंदणीवाचून केलेले करार : प्रस्तावना

नोंदणी न झालेल्या भागीदारी संस्थेला आपल्या धंद्यातील करारावरून तिऱ्हाइतावर दावा लावता येत नाही. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ६९ मध्ये हा नियम आहे आणि तो वाचायला एक मिनिटही लागत नाही. समजा, पनवेलच्या एखाद्या फर्मने उलव्याच्या किंवा तळोज्याच्या साइटवर मुरूम आणि खडी टाकली. चलनांवर साइट इंजिनिअरच्या सह्या आहेत, माल घेणाऱ्याने बिल कधी नाकारलेले नाही, पण पैसे थकले आणि फर्म दिवाणी न्यायालयात गेली. अशा वेळी प्रतिवादीच्या लेखी कैफियतीतला पहिला मुद्दा मालाच्या दर्जाचा किंवा दराचा क्वचितच असतो. फर्म निबंधकाकडे नोंदलेली नाही, सबब दावा चालण्यास पात्र नाही, एवढेच तिथे लिहिलेले असते. ते खरे निघाले तर माल पोचला होता की नाही, या प्रश्नापर्यंत न्यायालय जातच नाही.

असा करार बेकायदा नसतो. त्याखाली दिलेले पैसे परत मागता येत नाहीत, आणि दुसऱ्या बाजूला मात्र त्याच करारावरून फर्मवर दावा करता येतो. कायद्याने एका हाताने करार मान्य केलेला असतो आणि दुसऱ्या हाताने फक्त एका पक्षासाठी न्यायालयाचे दार लावून घेतलेले असते. हे एकट्या भागीदारी कायद्याचेही नाही. सावकारीचा परवाना, घरबांधणी प्रकल्पाची महारेराकडची नोंद, परदेशी कंपनीने निबंधकाकडे द्यावयाची कागदपत्रे, डॉक्टरची परिषदेच्या नोंदवहीतली नोंद, अशा अनेक ठिकाणी नियामकाकडे नाव नसणे आणि करारावरून हक्क मागता न येणे यांची गाठ कुठे घट्ट, कुठे सैल बांधलेली आहे. त्या गाठींचा अभ्यास हा या पुस्तकाचा विषय.

पनवेलच्या बाजारात ‘फर्म रजिस्टर आहे का?’ असे विचारले तर बहुधा होकार मिळतो, आणि तो प्रामाणिक असतो. घोटाळा शब्दात आहे. दुकानाचा गुमास्ता, पॅन, जीएसटी क्रमांक, उद्यम प्रमाणपत्र, बँकेतले चालू खाते, शंभर किंवा पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून नोटरीचा शिक्का मारलेली पार्टनरशिप डीड, यांपैकी जे हाताशी असेल त्याला ‘रजिस्ट्रेशन’ म्हणण्याची रीत आहे. यांतले एकही कलम ५८ व ५९ खालची नोंदणी नव्हे. ती नोंदणी भागीदारी संस्था निबंधकाकडे अर्ज देऊन होते, संस्थेचे आणि प्रत्येक भागीदाराचे नाव तिथल्या नोंदवहीत चढते, आणि न्यायालयात कामाला येतो तो त्या नोंदवहीचा उतारा. जीएसटी भरणाऱ्या, आयकराची विवरणपत्रे वेळेवर देणाऱ्या, कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या फर्मचेही नाव त्या नोंदवहीत नसू शकते.

दुसरा घोटाळा दस्त आणि धंदा यांच्यातला. फ्लॅट घेतलेल्या कुटुंबाला ‘रजिस्ट्रेशन’ म्हटले की दुय्यम निबंधकाचे कार्यालय, अंगठ्याचे ठसे आणि मुद्रांक शुल्क आठवते. ती दस्ताची नोंदणी, नोंदणी अधिनियम, १९०८ खालची. तिथे प्रश्न कागदाचा असतो. या पुस्तकातला प्रश्न कागद करणाऱ्या माणसाचा किंवा संस्थेचा आहे: त्याला हा धंदा करण्याची नोंद, परवाना किंवा मान्यता होती का? दोन्ही प्रश्न एकाच व्यवहारात एकावर एक येऊन पडतात, म्हणून ते वेगळे ठेवणे अधिकच गरजेचे ठरते. कंपनी किंवा २००८ च्या कायद्याखालची एलएलपी यांच्याबाबत भागीदारीसारखा पेच येत नाही, कारण नोंदणीपूर्वी त्या अस्तित्वातच नसतात. भागीदारी मात्र दोन माणसांनी नफा वाटून घ्यायचे ठरवले की त्या दिवशीच जन्माला येते. नाव नोंदवहीत चढेपर्यंत ती धंदा करते, कर भरते, कर्ज घेते. फक्त दावा लावू शकत नाही.

नोंदणी नसण्याचे परिणाम तीन जातींचे असतात आणि त्यांची सरमिसळ ही या विषयातल्या बहुतेक चुकांची जननी आहे. पहिल्या जातीत करार मुळातच शून्य ठरतो. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम २३ नुसार कराराचा उद्देश कायद्याने निषिद्ध असेल, किंवा तो मान्य केल्याने एखाद्या कायद्याचा हेतूच फसणार असेल, तर तो करार टिकत नाही. ठरावीक संख्येपेक्षा जास्त माणसांनी कंपनी म्हणून नोंद न करता नफ्यासाठी धंदा चालवला तर ती मंडळी कायद्याच्या दृष्टीने बेकायदा संघ ठरते. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच अशा मंडळींचा आपसातला हिशेबाचा दावाही ऐकून घेतला नाही. आज ही मर्यादा कंपनी अधिनियम, २०१३ चे कलम ४६४ आणि त्याखालचे नियम यांनुसार ५० आहे. दुसऱ्या जातीत करार चांगला असतो, पण दावा लावण्याचा मार्ग अडवलेला असतो. कलम ६९ इथले. तिसऱ्या जातीत करार आणि दावा दोन्ही अबाधित राहतात. नोंद न करणाऱ्याला दंड भरावा लागतो, प्रसंगी तुरुंगात जावे लागते, पण त्याचे येणे बुडत नाही.

दुसऱ्या जातीतही पोटभेद आहेत. न्हावा-शेव्याच्या बंदरामुळे पनवेल-उरण पट्ट्यात परदेशी कंपन्यांशी संबंध रोजचा. अशा कंपनीने भारतात धंद्याची जागा करूनही निबंधकाकडे कागद दिले नसतील, तर २०१३ च्या कायद्याचे कलम ३९३ सांगते की कराराच्या वैधतेला धक्का लागत नाही, मात्र पूर्तता होईपर्यंत कंपनीला दावा, वजावट किंवा प्रतिदावा करता येत नाही. पूर्तता झाली की दार उघडते. कलम ६९ एवढे मवाळ नाही. दिल्ली विकास प्राधिकरण विरुद्ध कोछर कन्स्ट्रक्शन वर्क या १९९८ च्या निर्णयानुसार नोंदणीआधी लावलेला दावा नंतरच्या नोंदणीने जिवंत होत नाही. तो फेटाळला जातो, आणि नोंदणी करून नवा दावा लावायचा तर मुदतीचे घड्याळ तोवर चालू असते. पैशाच्या बहुतेक दाव्यांना तीन वर्षांची मुदत. पनवेलसारख्या ठिकाणी दिवाणी दाव्याला लागणारा काळ पाहता, आक्षेपावर निर्णय होईपर्यंत ती उलटून जाणे सहज शक्य असते.

या विचाराचे मूळ इंग्लंडच्या दोन जुन्या निवाड्यांत सापडते आणि ते दोन्ही शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. १८३६ च्या कोप विरुद्ध रोलँड्स या प्रकरणात लंडन शहराचा परवाना नसलेल्या दलालाने आपली दलाली मागितली. न्यायालयाने ती नाकारली, कारण परवान्याची अट लोकांना लबाड दलालांपासून वाचवण्यासाठी घातलेली होती. १८४५ च्या स्मिथ विरुद्ध मॉहूड या प्रकरणात परवाना नसलेल्या तंबाखू विक्रेत्याला मात्र मालाची किंमत मिळाली, कारण त्याच्या परवान्याचा हेतू सरकारी महसूल एवढाच होता. दोघांकडेही परवाना नव्हता. एकाचे पैसे गेले, दुसऱ्याचे मिळाले. नियम कोणासाठी केला, हा प्रश्न तेव्हापासून या विषयाच्या मध्यभागी बसलेला आहे.

महाराष्ट्रात याच प्रश्नाला वेगळे आणि जास्त तापलेले मूळ आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या या दंग्यांचे लक्ष्य मुख्यतः कागद होते: कर्जरोखे, गहाणखते, हुकूमनामे. ते मिळाले की जाळले जात. न्यायालय त्या कागदावर काय लिहिले आहे ते पाहते, ते कसे लिहून घेतले ते पाहत नाही, हे शेतकऱ्याला पुरते कळून चुकले होते. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम, म्हणजे पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी केलेला कायदा, हे त्यावरचे उत्तर. त्यात ग्राम निबंधकाची योजना होती. असा निबंधक नेमलेल्या भागात शेतकऱ्याने दिलेला कर्जाचा कागद निबंधकाने स्वतः किंवा आपल्या देखरेखीखाली लिहवून साक्षांकित केलेला नसेल, तर तो पुराव्यात घेतला जाणार नव्हता. सावकाराच्या हक्काला हात न लावता त्याच्या हातातले हत्यार बोथट करण्याची ही पद्धत पुढेही टिकली.

तिचा पुढचा टप्पा कागदाकडून माणसाकडे वळला. मुंबई सावकार अधिनियम, १९४६ च्या कलम १० ने न्यायालयांना आदेश दिला की कर्ज दिले त्या वेळी सावकाराकडे वैध परवाना नसेल तर दावा फेटाळावा. त्याची जागा घेणाऱ्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कलम १३ मध्ये तेच तत्त्व आहे, आणि त्याच्या जोडीला कडक कारवाई: विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय सावकारीच्या ओघात गेल्या १५ वर्षांत लिहून घेतलेले खरेदीखत चौकशीअंती रद्द ठरवून जमीन परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला आहे. इथे कायदा दार लावून थांबत नाही. आत जाऊन वस्तू मूळ मालकाला परत करतो.

सावकारी कायद्यातला रोजचा वाद उसनवारीचा असतो. मित्राला अडचणीत दिलेले पैसे, भावकीतला व्यवहार, व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला महिनाभरासाठी फिरवलेली रक्कम, ही सगळी सावकारी ठरत नाहीत. कायद्याला ‘धंदा’ हवा असतो: पुनःपुन्हा, व्याजासाठी, पद्धतशीर. एखाददुसऱ्या कर्जाने माणूस सावकार होत नाही. चेकवर, म्हणजे वचनचिठ्ठी सोडून इतर परक्राम्य लेखावर, तीन लाखांपेक्षा जास्त दिलेली रक्कमही २०१४ च्या व्याख्येतील कर्जातून वगळलेली आहे. त्यामुळे चेक न वटल्याच्या खटल्यांत आरोपी ‘हा विनापरवाना सावकार आहे’ असे म्हणतो आणि फिर्यादी ‘हातउसने दिले होते’ असे म्हणतो, हे दृश्य जिल्ह्याजिल्ह्यांतल्या न्यायालयांत नेहमीचे झाले आहे. दोघांपैकी खरा कोण, हे ठरवायला त्या माणसाने आणखी किती जणांना पैसे दिले, व्याजाचा दर काय होता, कोऱ्या चेकवर सह्या घेतल्या होत्या का, हे पाहावे लागते. कायद्याचा प्रश्न इथे वस्तुस्थितीच्या पोटात शिरलेला असतो.

भागीदारीच्या नोंदणीचा इतिहास याच्या शेजारून गेला, पण त्याचे वळण निराळे. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडने १९१६ मध्ये व्यवसायनामांच्या नोंदणीचा कायदा केला. टोपणनावाने धंदा करणाऱ्यामागे खरा माणूस कोण हे लोकांना कळावे, असा त्याचा हेतू. नोंदणी सक्तीची, चुकल्यास दंड, आणि करारावरून दावा लावण्यास मनाई. मात्र चूक अनवधानाने झाली असेल तर न्यायालयाला सूट देण्याची मुभा होती. भारताच्या भागीदारी कायद्याचा मसुदा तपासणाऱ्या खास समितीत ब्रजेंद्रलाल मित्तर, अल्लादी कृष्णस्वामी अय्यर आणि आर्थर एगर यांच्याबरोबर मुंबईचे दिनशा मुल्लाही होते. इंग्लंडची सक्ती आणि दंड इथल्या छोट्या, चार दिवसांच्या भागीदाऱ्यांना झेपणार नाहीत, असे समितीला वाटले. म्हणून नोंदणी ऐच्छिक ठेवली आणि न करणाऱ्याला फक्त दाव्याचा मार्ग बंद केला. लोकांना सवय व्हावी म्हणून कलम ६९ उरलेल्या कायद्यानंतर वर्षभराने, १ ऑक्टोबर १९३३ रोजी, लागू झाले.

हेतू दयेचा होता. परिणाम तसा झाला नाही. इंग्लंडमध्ये नोंद नसलेल्याला थोडा दंड बसे आणि चूक निर्दोष असेल तर न्यायालय त्याला सांभाळून घेई. भारतात दंड शून्य, पण सांभाळून घेण्याचा अधिकारही शून्य. नोंदणीचा खर्च नगण्य आणि न केल्याचा तोटा संपूर्ण बिलाएवढा, मग ते बिल पन्नास हजारांचे असो वा पाच कोटींचे. चुकीची गंभीरता आणि शिक्षेचे वजन यांचा एकमेकांशी काही संबंध उरलेला नाही, आणि बुडालेली रक्कम जाते कोणाकडे, तर माल वापरून पैसे न देणाऱ्याकडे. इंग्लंडने १९८१ च्या कायद्याने ती नोंदवहीच बंद केली. तिच्या धर्तीवर घडलेले भारताचे कलम ६९ आपल्या जागी आहे.

न्यायालयांनी कलमाचे शब्द बदलले नाहीत, पण त्यांची हद्द आखत नेली, आणि या विषयातले सर्वांत वाचनीय साहित्य त्या आखणीत आहे. कलमाची पहिली धार कडक होती. १९६४ च्या जगदीशचंद्र विरुद्ध कजारिया ट्रेडर्स या निर्णयात लवाद नेमण्यासाठी न्यायालयात केलेला अर्जही ‘इतर कार्यवाही’त मोडतो, म्हणून अडतो, असे ठरले. १९८९ मध्ये श्रीराम फायनान्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात फर्म नोंदलेली होती, पण दाव्याच्या दिवशीचे भागीदार नोंदवहीत दाखवलेले नव्हते, म्हणून दावा पडला. ज्या फर्मांमध्ये वडील निवृत्त होऊन मुलगा किंवा सून भागीदार होते आणि नवी डीड फक्त बँकेला दिली जाते, त्यांनी हा निर्णय दोनदा वाचावा.

नंतरच्या निर्णयांचा कल वेगळा. १९९८ च्या रॅप्टाकॉस ब्रेट प्रकरणात भाडेपट्टा संपल्यावर जागेचा ताबा मागण्याचा हक्क करारापलीकडे कायद्यातूनही येतो, म्हणून दावा चालला. २००० मध्ये हल्दीराम प्रकरणात व्यापारचिन्हाच्या रक्षणाचा दावा कलमाच्या बाहेर ठेवला गेला, आणि अडसर फक्त धंद्याच्या ओघात प्रतिवादीशी केलेल्या करारापुरता आहे हे स्पष्ट झाले. २०१६ मध्ये लवादापुढची कार्यवाही ही ‘इतर कार्यवाही’ नव्हे असे ठरले. २०२२ च्या शिव डेव्हलपर्स प्रकरणात मालमत्तेची विक्री फर्मच्या नेहमीच्या धंद्याचा भाग नसेल तर दावा टिकतो, असे सांगितले गेले. थोडक्यात, धंदा, करार आणि न्यायालय हे तिन्ही एकत्र आले तरच कलम चावते. करारात लवादाचे कलम घातलेल्या फर्मची स्थिती त्यामुळे बरीच सुधारते, आणि हे पनवेलच्या ठेकेदारांपैकी फार थोड्यांना माहीत असते.

महाराष्ट्राने मध्येच एकदा उलट दिशा धरली होती. १९८४ च्या राज्य दुरुस्तीने कलम ६९ मध्ये पोटकलम (२अ) आले आणि नोंद नसलेल्या फर्मच्या भागीदारांना फर्म विसर्जित करण्याचा किंवा विसर्जनानंतरचा हिशेब मागण्याचा दावाही बंद झाला. केंद्राच्या कायद्याने हे दोन मार्ग मुद्दाम मोकळे ठेवले होते, कारण भागीदार भागीदाराला ओळखतो. त्याला नोंदवहीच्या संरक्षणाची गरज काय? नव्या नियमाने पैशाच्या पेटीवर बसलेल्या भागीदाराला बक्षीस मिळाले आणि बाहेर पडलेल्याला कुठेच दाद राहिली नाही. २० मार्च २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती संविधानाच्या अनुच्छेद १४, १९(१)(छ) आणि ३००अ यांचा भंग करणारी म्हणून रद्द केली. मधली जवळपास पंचवीस वर्षे हा नियम फक्त महाराष्ट्रात चालू होता.

या निर्णयांमागच्या विचारांचे साधारण तीन पंथ करता येतात. एक अक्षरपंथ: नियम स्पष्ट आहे, त्यात दयेला जागा नाही, आणि कडकपणामुळेच लोक नोंदणी करतात. दुसरा हेतुपंथ: नियम ज्याच्या रक्षणासाठी आहे त्याच्या बाजूने आणि तेवढ्याच मर्यादेत तो लावावा. तिसरा, अलीकडचा, तोलपंथ: चूक केवढी, शिक्षा केवढी, आणि कोणाच्या पदरात फुकट काय पडते, याचा हिशेब न्यायालयाने करावा. २०१६ च्या पटेल विरुद्ध मिर्झा या निर्णयात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा करारांबाबत या तिसऱ्या वाटेने जाणे पसंत केले. त्यांच्या २००० च्या वित्तीय सेवा कायद्यातही मान्यता नसलेल्याने केलेला करार ग्राहकावर लादता येत नाही आणि ग्राहक पैसे परत मागू शकतो, पण न्याय्य वाटल्यास न्यायालय करार टिकवू शकते. अमेरिकेतला कॅलिफोर्निया अगदी दुसऱ्या टोकाला आहे. तिथे परवाना नसलेल्या बांधकाम ठेकेदाराला मजुरी तर मिळत नाहीच, आधी घेतलेले पैसेही परत करावे लागतात, काम उत्तम झाले असले तरी.

या चर्चेत भारतातल्या व्यवहारी वकिलाला एक चोरवाट खुणावत असते. संविदा अधिनियमाचे कलम ७० म्हणते की एखाद्याने फुकट देण्याचा हेतू नसताना कायदेशीरपणे काही दिले किंवा केले, आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने मोबदला द्यावा. १९६२ च्या बी. के. मंडल आणि सन्स या निर्णयात सरकारी कराराचे औपचारिक नियम पाळले गेले नसतानाही ठेकेदाराला या कलमाखाली पैसे मिळाले, कारण हा हक्क करारातून उगवत नाही असे न्यायालयाने मानले. मग कलम ६९ ची अट ‘करारातून उद्भवणाऱ्या हक्कां’पुरती असेल, तर नोंद नसलेल्या फर्मला हा रस्ता का नसावा? युक्तिवाद मजबूत आहे. पण तसे सरसकट मानले तर कलम ६९ पोकळ होते, आणि सावकाराच्या बाबतीत तर असे मानणे म्हणजे सुप्याच्या आगीवर पाणी ओतून कर्जरोखे सुकवायला ठेवण्यासारखे. हेतूचा प्रश्न पुन्हा पुढे येतो तो असा.

घरांच्या बाजारात हाच प्रश्न सर्वांत गोंगाटाचा आहे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ खाली महारेरा १ मे २०१७ पासून काम करू लागले. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि सदनिका आठपेक्षा अधिक असतील तर नोंदणीशिवाय जाहिरात, बुकिंग किंवा विक्री करता येत नाही. कलम ५९ नुसार दंड प्रकल्पखर्चाच्या दहा टक्क्यांपर्यंत. मात्र नोंद नसलेल्या प्रकल्पात झालेला विक्रीचा करार शून्य होतो, असे हा कायदा कुठेही म्हणत नाही. ते मुद्दाम आहे. करार शून्य ठरवला असता तर ताबा, व्याज किंवा परतावा मागण्याचा ग्राहकाचा हक्कच कापला गेला असता आणि नियम मोडणाऱ्या विकासकाची सुटका झाली असती. इथे हेतुपंथ कायद्याच्या मसुद्यातच उतरलेला दिसतो. एजंटांचे मात्र अधांतरी आहे. कलम ९ नुसार त्यांनाही नोंदणी सक्तीची, न केल्यास रोज दहा हजार रुपये दंड. पण नोंद नसलेल्या एजंटाला दलाली मागता येईल की नाही, यावर कायदा गप्प आहे. कोप विरुद्ध रोलँड्सची जवळपास दोनशे वर्षांपूर्वीची दलाली पनवेलच्या स्टेशनबाहेरच्या ‘प्रॉपर्टी कन्सल्टंट’च्या टेबलावर येऊन बसते ती इथे.

पनवेलला हा विषय का भिडतो, याचे कारण इथल्या धंद्याच्या रचनेत आहे. १८५२ ची नगरपालिका असलेले हे जुने गाव १ ऑक्टोबर २०१६ रोजी महापालिका झाले. सिडकोची नोड, २०१३ मध्ये अधिसूचित झालेले नैना (विमानतळ प्रभाव) क्षेत्र, कळंबोलीचा लोखंड बाजार, तळोज्याची औद्योगिक वसाहत आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला नवी मुंबई विमानतळ यांच्यामधल्या जागेत भराव, वाहतूक, लेबर, बांधकाम साहित्य यांचे धंदे वाढले. ते बहुतेक दोन-चार जणांच्या भागीदारीत चालतात: एकाची जमीन, एकाची डंपरची चेसिस, एकाची ओळख. संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के योजनेत मिळालेल्या भूखंडांवरच्या विकासातही भूमिपुत्र कुटुंब आणि बांधकाम करणारा यांच्यात अशीच गाठ पडते, आणि ती भागीदारी की निव्वळ विकसन करार, हे भांडण झाल्यावरच उलगडते. नात्याच्या आणि गावकीच्या भरवशावर उभी राहिलेली फर्म पहिल्यांदा अनोळखी, मोठ्या, वकील बाळगणाऱ्या कंपनीला माल देते तेव्हा कलम ६९ ची किंमत तिला कळते.

या पुस्तकाची मांडणी नियम किंवा खटले यांच्या क्रमाने केलेली नाही. प्रत्येक परवाना किंवा नोंद घेऊन दोन प्रश्न विचारले आहेत. पहिला: ही नोंद कोणाच्या रक्षणासाठी? दुसरा: कोणती तारीख निर्णायक? दुसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष होते, म्हणून तो मुद्दाम पुढे आणला आहे. सावकाराचा परवाना कर्ज देण्याच्या दिवशी असावा लागतो. नंतर घेतलेला उपयोगाचा नाही. फर्मची नोंदणी दावा लावण्याच्या दिवशी असावी लागते. करार त्याआधीचा असला तरी चालतो. परदेशी कंपनीची पूर्तता केव्हाही झाली तरी दार उघडते. एकाच शहरातल्या एकाच वकिलाकडे एका दिवशी येणाऱ्या तीन अशिलांना तीन वेगळी उत्तरे मिळतात ती यामुळे. कर कायदे, अन्नसुरक्षा परवाने आणि बँकांचे नियमन यांचा समावेश केलेला नाही. तिथे कराराच्या अंमलबजावणीचा प्रश्न दुय्यम आहे. भिशी मात्र घेतली आहे, कारण चिट फंड कायदा, १९८२ आणि पगारदारांची दर महिन्याची भिशी यांच्यामधले अंतर कोणी मोजलेले दिसत नाही.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांवरचे प्रकरण वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २००६ च्या कायद्याने थकलेल्या बिलावर बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ व्याज मागता येते. सिल्पी इंडस्ट्रीज या २०२१ च्या निर्णयाने हा लाभ कराराच्या वेळी नोंद असलेल्या पुरवठादारापुरता ठेवला. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या भूमिकेबद्दल शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. पुस्तकातले या विषयावरचे विवेचन सिल्पीच्या आधारे केलेले आहे, आणि मोठ्या पीठाचा निर्णय हाती येताच त्यातला तारखेचा भाग नव्याने तपासून घ्यावा लागेल.